लहरी, तंतू आणि घरापर्यंतची मालकी

घरातले इंटरनेट तारेने यावे की हवेतून, हा प्रश्न भारतात २०२३ साली परिषदांतून आणि चाचणी-प्रकल्पांतून बाहेर पडून थेट बाजारात आला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एअरटेलने दिल्ली आणि मुंबईत, तर १९ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, जिओने मुंबई-पुण्यासह आठ शहरांत ५जी लहरींवर चालणारी घरगुती ब्रॉडबँड सेवा सुरू केली. या सेवेला दूरसंचार क्षेत्रात ‘फिक्स्ड वायरलेस’ म्हणतात. ग्राहक मोबाइलधारकासारखा फिरता नसून एका घरात स्थिर असतो, पण त्या घरापर्यंत येणारा शेवटचा टप्पा तारेचा नसून रेडिओलहरींचा असतो, एवढाच त्याचा अर्थ. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले आणि तारेच्या ब्रॉडबँडला सुमारे चार कोटी ग्राहकांपर्यंत पोहोचायला त्यानंतर जवळजवळ तीन दशके लागली. लहरींवरच्या या नव्या सेवेने मात्र दोन वर्षांच्या आत, २०२५ च्या मध्यापर्यंत, सत्तर लाखांचा टप्पा ओलांडला. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या सेवेला तारेची प्रतिस्पर्धी म्हणणे योग्यच आहे आणि तिने तारेच्या व्यवसायातल्या सुस्तीला धक्का दिला, हेही मान्य केले पाहिजे. परंतु लहरींचा हा विजय वहनक्षमतेच्या श्रेष्ठत्वातून आलेला नाही. जमिनीतून आणि इमारतींतून तार नेण्याच्या वाटेत परवानग्यांनी, शुल्कांनी आणि स्थानिक मक्तेदारीने जे अडथळे उभे केले आहेत, त्यांना वळसा घालता येतो यातून तो आला आहे. ते अडथळे तसेच ठेवून लहरींनाच तारेचा पर्याय मानले गेले, तर आज शेकडो लहान-मोठ्या व्यावसायिकांत विभागलेली घरगुती इंटरनेटची बाजारपेठ दोन-तीन मोबाइल कंपन्यांच्या हाती जाईल, हा धोका पुरेशा गांभीर्याने मांडला गेलेला नाही.

प्रथम या सेवेची रचना पाहिली पाहिजे. ग्राहकाच्या गच्चीवर किंवा खिडकीबाहेर पाटीएवढ्या आकाराचा एक पांढरा डबा बसवला जातो. त्यात अँटेना आणि ५जी मोडेम असे दोन्ही असते. बसवणारा तंत्रज्ञ हातातल्या फोनवर संकेताची तीव्रता पाहत तो डबा अंशाअंशाने वळवतो, जवळचा टॉवर स्पष्ट ‘दिसतो’ अशी दिशा सापडली की पट्टा आवळतो, आणि डेटा व वीज दोन्ही वाहून नेणारी एकच केबल खिडकीच्या चौकटीतून आत घेऊन राउटरला जोडतो. सारे काम एक-दोन तासांत संपते. रस्ता खणावा लागत नाही, खांब लागत नाही, शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून तार ओढण्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही. घराबाहेर अँटेना बसवण्याला तांत्रिक कारणही आहे. मुंबई-पुण्यातली घरे लोखंड आणि काँक्रीटची आहेत, खिडक्यांना जाळ्या आहेत, आणि ५जीसाठी प्रामुख्याने वापरला जाणारा ३.३ ते ३.६ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंती भेदताना बराच क्षीण होतो. डबा बाहेर लावला की ही हानी टळते आणि टॉवरलाही त्या ग्राहकासाठी कमी संसाधन खर्चावे लागते.

इथपर्यंत लहरींची बाजू भक्कम आहे. प्रश्न सुरू होतो तो वेग आणि क्षमता यांतला फरक लक्षात घेतल्यावर. वेग म्हणजे एका ग्राहकाला एका क्षणी मिळू शकणारा प्रवाह. क्षमता म्हणजे त्या परिसरातल्या सर्व ग्राहकांना मिळून, सर्वाधिक गर्दीच्या वेळी, मिळू शकणारा प्रवाह. जाहिरात वेगाची होते, अनुभव क्षमतेचा येतो. दुपारी तीन वाजता चाचणी घेतली तर लहरींवरही तीनशे-चारशे मेगाबिटचा आकडा दिसू शकतो आणि तो खोटा नसतो. परंतु रात्री नऊ वाजता, क्रिकेटचा सामना चालू असताना आणि परिसरातले प्रत्येक घर काही ना काही पाहत असताना, तोच आकडा टिकेल की नाही हे टॉवरच्या एकूण क्षमतेवर ठरते.

या क्षमतेचा हिशेब ढोबळमानाने मांडता येतो. २०२२ च्या लिलावात एकूण १,५०,१७३ कोटी रुपयांचे स्पेक्ट्रम विकले गेले. स्पेक्ट्रम म्हणजे ठरावीक वारंवारतांचा लहरपट्टा वापरण्याचा हक्क. त्यात जिओ आणि एअरटेल या दोन्ही कंपन्यांनी ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात साधारण १०० मेगाहर्ट्झचा हिस्सा घेतला. टॉवरभोवतालचे क्षेत्र बहुधा तीन भागांत वाटलेले असते, त्या प्रत्येक भागाला ‘सेक्टर’ म्हणतात. अँटेनात डझनावारी लहान अँटेना बसवून लहरींचे वेगवेगळे झोत वेगवेगळ्या घरांकडे वळवण्याचे आधुनिक तंत्र धरले, आणि हाच पट्टा आळीपाळीने उतरत्या व चढत्या प्रवाहासाठी वापरला जातो हेही लक्षात घेतले, तर एका सेक्टरमधून सरासरी सहाशे मेगाबिटच्या आसपास उतरता प्रवाह मिळतो असे मानायला हरकत नाही. गर्दीच्या वेळी प्रत्येक घराचा सरासरी वापर तीन मेगाबिट धरला – एका स्पष्ट चित्रफितीला पाच लागतात, पण सगळी घरे एकाच क्षणी पाहत नसतात – तर एक सेक्टर दोनशे घरे सांभाळू शकेल. पण तोच सेक्टर रस्त्यावरच्या, लोकलमधल्या आणि दुकानांतल्या मोबाइल ग्राहकांचाही आहे. त्यांच्यासाठी निम्मी क्षमता राखली तर शंभर घरे, म्हणजे एका टॉवरमागे तीनशे. घाटकोपर, डोंबिवली किंवा हडपसरसारख्या दाट वस्तीत एका टॉवरच्या टप्प्यात हजारो घरे येतात. आकडे थोडे इकडेतिकडे केले तरी निष्कर्षाचा कल बदलत नाही: त्या घरांपैकी काहींना लहरींवर उत्तम सेवा मिळेल, सर्वांना मिळणार नाही.

तारेचा, म्हणजे आजच्या संदर्भात काचेच्या प्रकाशतंतूचा, हिशेब वेगळ्याच पातळीवरचा आहे. घरगुती सेवेसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत केंद्रातून निघालेला एक तंतू वाटेत कोणतीही वीज न लागणाऱ्या काचेच्या विभाजकातून बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटला जातो, आणि त्या तंतूवर सुमारे अडीच गिगाबिटचा उतरता प्रवाह असतो. बत्तीसच्या बत्तीस घरांनी एकाच क्षणी पूर्ण वापर केला तरी प्रत्येकाच्या वाट्याला पंचाहत्तर मेगाबिटहून अधिक येतात. आणि ते अपुरे पडले तर जमिनीतला तंतू तसाच ठेवून दोन्ही टोकांची यंत्रे बदलली की तोच तंतू दहा गिगाबिट वाहतो. चार्ल्स काओ यांनी १९६६ साली काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश दूरवर नेता येईल असे दाखवून दिले, त्यासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या तंतूत पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. मुख्य म्हणजे एका तंतूतला प्रकाश शेजारच्या तंतूतल्या प्रकाशाला अडवत नाही, त्यामुळे क्षमता वाढवायची तर आणखी एक तंतू टाकता येतो. हवेत मात्र एकाच वारंवारतेच्या दोन लहरी एकमेकींत मिसळतात आणि अधिक क्षमतेसाठी एक तर अधिक स्पेक्ट्रम विकत घ्यावे लागते किंवा टॉवर अधिक जवळ जवळ उभारावे लागतात. दोन्ही महाग, आणि प्रत्येक नव्या टॉवरला पुन्हा जमिनीतला तंतू हवाच.

या तर्काला कंपन्यांच्याच दरपत्रकातून पुष्टी मिळते. जिओच्या तंतूवरच्या नेहमीच्या योजनांत महिन्याची डेटा-मर्यादा ३३०० गिगाबाइटची, तर लहरींवरच्या सेवेत ती १००० गिगाबाइटची ठेवली गेली. तीस मेगाबिटची सुरुवातीची योजना तंतूवर ३९९ रुपयांपासून, तर लहरींवर ५९९ रुपयांपासून होती. लहरींच्या योजनेत मनोरंजनाच्या सेवा जोडलेल्या होत्या, त्यामुळे किमतींची तुलना सरळ करता येत नाही, पण मर्यादांची येते. महिन्याला हजार गिगाबाइट म्हणजे चोवीस तास अखंड चालणारा तीन मेगाबिटचा प्रवाह. बहुतेक कुटुंबांना ही मर्यादा कधी जाणवणारही नाही, आणि तिचा दोष कंपनीला देण्याचेही कारण नाही, कारण सामायिक साधनाचे वाटप कोणत्या तरी नियमाने करावेच लागते. मात्र एकच कंपनी, एकाच शहरात, त्याच ग्राहकवर्गाला तंतूवर तिपटीहून अधिक डेटा देऊ शकते, यावरून दोन्ही माध्यमांतले अंतर तिच्या अभियंत्यांना किती नेमके माहीत आहे हे कळते.

चढत्या प्रवाहाची बाजू याहून नाजूक आहे. लहरपट्ट्याच्या वेळेचा बहुतांश वाटा उतरत्या दिशेला दिलेला असतो, आणि गच्चीवरच्या डब्याची प्रक्षेपणशक्ती टॉवरच्या तुलनेत क्षुल्लक असते. परिणामी घरातून बाहेर जाणारा प्रवाह अनेकदा आत येणाऱ्याच्या लहानशा अंशाएवढाच राहतो. जोवर घर केवळ पाहणारे होते तोवर हे चालून गेले. परंतु कोल्हापुरात बसून लग्नाच्या चित्रफिती संकलित करून ग्राहकाला पाठवणारा व्यावसायिक, तालुक्याच्या गावातून सोनोग्राफी आणि एक्स-रेच्या प्रतिमा पुण्याच्या तज्ज्ञाकडे धाडणारे निदान केंद्र, किंवा घरून ऑनलाइन शिकवणी घेणारी शिक्षिका यांच्यासाठी बाहेर जाणारा प्रवाह हेच उपजीविकेचे साधन असते. घरगुती तंतूच्या योजनांत दोन्ही दिशांना सारखा वेग देणे आता सामान्य झाले आहे. निर्मात्याला आणि प्रेक्षकाला समान वागवणारे माध्यम म्हणून तंतूचे महत्त्व, वेगाच्या चर्चेत नेहमी मागे पडते.

पावसाविषयी एक गैरसमज इथेच दूर केला पाहिजे. पावसात हवेतले इंटरनेट बंद पडते असा समज सर्वत्र आढळतो, पण साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपास मुसळधार सरीनेही होणारी घट नगण्य असते. खरा फटका बसतो तो २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला: ताशी शंभर मिलिमीटरच्या सरीत, जी कोकणाला अपरिचित नाही, तिथे दर किलोमीटरला पंधरा डेसिबलच्या आसपास हानी होते, म्हणजे तीस भागांपैकी जेमतेम एक भाग पुढे पोहोचतो. या उच्च पट्ट्यात कंपन्यांकडे आठशे ते हजार मेगाहर्ट्झ इतके विपुल स्पेक्ट्रम आहे आणि क्षमतेची टंचाई त्यानेच दूर होईल असे सांगितले जाते. परंतु त्याच्या लहरी झाडाची पाने, भिंत आणि पाऊस या तिन्हींपुढे हतबल होतात, त्यामुळे टॉवर काही शे मीटरवर आणि थेट नजरेत असावा लागतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासत गेले, तेव्हा खांबांवरून ओढलेल्या तारा विजेच्या खांबांबरोबर जमीनदोस्त झाल्या. खांबावर लोंबणारा तंतू आणि जमिनीखालच्या नळीतला तंतू यांना एकाच शब्दाने ओळखले जाते, पण टिकाऊपणाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

हवेतून घरापर्यंत इंटरनेट नेण्याचे स्वप्न भारतात नवे नाही, आणि त्याचा इतिहास वर्तमानावर प्रकाश टाकतो. १९९० च्या दशकात मद्रासच्या आयआयटीत अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने कॉरडेक्ट ही पद्धती विकसित केली, जिच्यामुळे तांब्याची तार न टाकता घरापर्यंत दूरध्वनी आणि ३५ किंवा ७० किलोबिटचे इंटरनेट पोहोचवता येत असे. त्या काळाच्या मानाने ती मोठीच झेप होती. पुढे टिकोनासारख्या कंपनीने परवानामुक्त लहरपट्ट्यात इमारतींच्या गच्च्यांवर डबे बसवून शहरी ग्राहक मिळवले, आणि २०१७ मध्ये तिचा ४जी व्यवसाय एअरटेलने सुमारे १६०० कोटी रुपयांना घेतला. २०१० साली तर खास ‘बिनतारी ब्रॉडबँड’साठी म्हणून २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा लिलाव झाला, इन्फोटेल ब्रॉडबँडने तो देशभरासाठी सुमारे १२,८०० कोटी रुपयांना जिंकला आणि लगोलग रिलायन्सने ती कंपनी ताब्यात घेतली. तो लहरपट्टा २०१६ मध्ये प्रत्यक्ष कामाला लागला तो मुख्यतः मोबाइलच्या ४जीसाठी. घरासाठी मिळवलेली हवेतली जागा मोबाइल गिळून टाकतो, असा हा अनुभव आहे, आणि त्यामागे सरळ आर्थिक कारण आहे: मोबाइल ग्राहकाकडून प्रत्येक गिगाबाइटमागे मिळणारे उत्पन्न घरगुती ग्राहकाच्या कितीतरी पट असते. आज ५जीची जाळी नवी आहेत, त्यांत रिकामी क्षमता आहे, म्हणून ती घरांना विकली जात आहे. जाळी भरत गेल्यावर पहिला बळी कोणाच्या वेगाचा जाईल, याचे उत्तर अवघड नाही.

अमेरिकेतला अनुभव या निष्कर्षाला दुजोरा देतो. व्हेरायझनने १ ऑक्टोबर २०१८ रोजी ह्यूस्टन, लॉस एंजेलिससह चार शहरांत ५जीवरची घरगुती सेवा सुरू केली, टी-मोबाइलने २०२१ मध्ये ती देशव्यापी केली, आणि त्यानंतरच्या काळात तिथल्या नव्या घरगुती जोडण्यांत लहरींचा वाटा इतका वाढला की वर्षानुवर्षे निर्धास्त असलेल्या केबल कंपन्यांचे ग्राहक घटू लागले. ही स्पर्धा खरी होती आणि ग्राहकांचा तिच्यात लाभ झाला. पण टी-मोबाइल ही सेवा सरसकट विकत नाही. ज्या सेक्टरमध्ये मोबाइल ग्राहकांना पुरून क्षमता उरते तिथेच नवी जोडणी दिली जाते. त्याहून बोलकी गोष्ट अशी की लहरींवर जिंकलेल्या याच कंपन्या आता तंतू विकत घेत सुटल्या आहेत. व्हेरायझनने सप्टेंबर २०२४ मध्ये फ्रंटियर ही तंतूजाळी असलेली कंपनी २० अब्ज डॉलरना घेण्याचा करार केला आणि टी-मोबाइलने २०२५ मध्ये भागीदारांबरोबर लुमोस व मेट्रोनेट या तंतू-कंपन्या आपल्या छत्राखाली आणल्या.

मग भारतात तार मागे का पडली? मुंबईच्या कोणत्याही जुन्या गल्लीत मान वर करून पाहिले की उत्तर दिसते. झाडाच्या फांद्यांतून, विजेच्या दिव्यांच्या खांबांवरून, एका इमारतीच्या पाण्याच्या टाकीपासून दुसऱ्या इमारतीच्या जिन्यापर्यंत काळ्या तारांचे झुबके लोंबत असतात. त्यांतल्या निम्म्या मृत असतात, आणि कोणती कोणाची हे केबलवाल्याच्या माणसालाच ठाऊक असते. हे ओंगळ चित्र त्या व्यावसायिकांच्या बेफिकिरीने जितके घडले तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, कायदेशीर मार्ग महाग आणि दुष्प्राप्य असल्याने घडले. रस्ता खणण्यासाठी महापालिकेची परवानगी, वाहतूक पोलिसांची परवानगी, पावसाळ्यातली खोदकामबंदी, आणि या सर्वांवर रस्ता पूर्ववत करण्याचे भरमसाट शुल्क. शंभर-दोनशे ग्राहकांच्या बळावर धंदा करणाऱ्याला ते पेलत नाही. केंद्राने मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू केले आहेत, मार्गाधिकार म्हणजे सार्वजनिक वा खासगी जागेतून तार नेण्याचा हक्क, आणि त्यांत शुल्क व मुदत यांना शिस्त लावण्याचा प्रयत्न आहे. पण अंमलबजावणी स्थानिक संस्थांच्या टेबलावर अडते. खणलेल्या रस्त्यात आधीचा तंतू जेसीबीखाली तुटण्याचे प्रकार इतके वाढले की मार्च २०२३ मध्ये खोदण्यापूर्वी सूचना देण्यासाठी केंद्राला ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप काढावे लागले. तुटलेला तंतू जोडायचा तर कारागिराला केसासारख्या काचेवरचे आवरण सोलून, तिचे टोक काटकोनात छेदून, दोन टोके यंत्रात समोरासमोर धरून विजेच्या ठिणगीने वितळवून सांधावी लागतात. हे तो खड्ड्याच्या काठावर, चिखलात उकिडवा बसून करतो.

दुसरा अडथळा इमारतीच्या दारात आहे. अनेक गृहनिर्माण संस्थांनी आणि त्याहून अधिक विकासकांनी एकाच पुरवठादाराला इमारतीत तार टाकू द्यायची, असे लेखी किंवा अलिखित करार केलेले असतात. भाडेकरूला तर संस्थेचे ना-हरकत पत्रही सहजी मिळत नाही. अशा घरात खिडकीबाहेर डबा लावून येणारे इंटरनेट ही खरीच मुक्तता असते, आणि लहरींचे सर्वांत मोठे सामाजिक श्रेय इथे आहे: वर्षभरासाठी खोली घेतलेला विद्यार्थी, बांधकामाच्या जागेवरचे कार्यालय, चाळीच्या शेवटच्या खोलीत राहणारे कुटुंब यांना तारेने अनेक वर्षे ताटकळत ठेवले आणि लहरींनी एका दिवसात जोडून घेतले. या श्रेयाला कमी लेखणारा युक्तिवाद प्रामाणिक ठरणार नाही.

तरीही मालकीचा प्रश्न उरतोच, आणि तोच सर्वांत कळीचा आहे. १९९० च्या दशकारंभी उपग्रह वाहिन्यांबरोबर गल्लोगल्ली उभे राहिलेले केबलचालक पुढे इंटरनेटकडे वळले. परवान्याची व्यवस्थाही देश, राज्य आणि जिल्हास्तर अशा तीन प्रवर्गांची असल्याने कमी भांडवलाच्या माणसाला या व्यवसायात शिरता आले. परिणामी २०२४ च्या अखेरीस देशातल्या तारेच्या ब्रॉडबँड ग्राहकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश ग्राहक जिओ, एअरटेल, बीएसएनएल यांसारख्या अग्रणी कंपन्यांच्या बाहेरच्या, लहान-मध्यम पुरवठादारांकडे होते. सांगली, नाशिक, अहिल्यानगरसारख्या शहरांत रात्री दहाला तक्रार केली तर मोटारसायकलवर येणारा माणूस या पुरवठादारांचाच असतो. मोबाइल ब्रॉडबँडमध्ये मात्र पाचपैकी चारांहून अधिक ग्राहक दोनच कंपन्यांकडे आहेत, कारण स्पेक्ट्रमचा लिलाव हजारो कोटींचा असतो आणि सांगलीच्या केबलचालकाला त्या दालनात प्रवेशच नाही. तेव्हा घरगुती इंटरनेट तारेकडून लहरींकडे सरकते, याचा अर्थ ते शेकडोंच्या बाजारातून दोघा-तिघांच्या बाजारात सरकते. एका पुरवठादाराऐवजी दोन मिळाले म्हणून आज आनंदित होणाऱ्या ग्राहकाला, गल्लीतला तिसरा आणि चौथा पुरवठादार बंद पडल्यावर, मोबाइलचे दर ज्या दोन कार्यालयांत ठरतात त्याच कार्यालयांत घरच्या जोडणीचाही दर ठरताना दिसेल. मोबाइलच्या दरांत जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी एका आठवड्याच्या आत लागोपाठ केलेली वाढ हा त्याचा पुरेसा पूर्वानुभव आहे.

ग्रामीण भागात प्रश्नाचे रूप आणखी वेगळे होते. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेने अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याचे ठरवले, मुदती अनेकदा उलटल्या, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित आराखड्याला मंजुरी द्यावी लागली. ग्रामपंचायतीच्या कपाटात बंद पडलेले यंत्र पाहिलेल्या माणसाला हवेतून येणारे इंटरनेट हाच व्यवहार्य मार्ग वाटला तर त्यात नवल नाही. मेळघाट किंवा भामरागडसारख्या विरळ वस्तीच्या डोंगराळ, जंगली भागात काही काळ तोच मार्ग राहील. पण देशातल्या निम्म्याहून कमी टॉवरपर्यंत तंतू पोहोचलेला आहे, उरलेले टॉवर स्वतःच बिनतारी दुव्यावर अवलंबून आहेत, आणि ज्या टॉवरला मागून पुरेसा प्रवाह मिळत नाही तो पुढे शंभर घरांना काय देणार? तंतूचा खर्च वाचवण्यासाठी लहरी आणायच्या, आणि लहरी चालाव्यात म्हणून पुन्हा तंतूच टाकायचा, असा हा फेरा आहे.

तंतूचा खर्च टाळण्याची किंमत ऑस्ट्रेलियाने मोजली आहे. २००९ मध्ये तिथे जवळजवळ सर्व घरांपर्यंत तंतू नेण्याची राष्ट्रीय योजना आखली गेली, २०१३ च्या सत्तांतरानंतर खर्च कमी करण्यासाठी जुन्या तांब्याच्या तारा आणि इतर माध्यमांची सरमिसळ स्वीकारली गेली, आणि २०२० मध्ये पुन्हा अब्जावधी डॉलर खर्चून त्याच घरांपर्यंत तंतू नेण्याचा निर्णय घ्यावा लागला. ग्रामीण भागासाठी ठेवलेली बिनतारी सेवा संध्याकाळच्या गर्दीत अडखळू लागल्याने तिच्या सुधारणेसाठी २०२२ मध्ये ७५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची स्वतंत्र तरतूद झाली. याउलट स्टॉकहोम शहराने १९९४ मध्ये स्टोकॅब ही स्वतःच्या मालकीची कंपनी काढून शहरभर तंतू टाकला आणि तो कोणत्याही सेवापुरवठादाराला ठरावीक भाड्याने खुला ठेवला. कंपनी स्वतः ग्राहकांना इंटरनेट विकत नाही, त्यामुळे तिच्या तंतूवर पुरवठादारांची स्पर्धा रंगते आणि रस्ता मात्र एकदाच खणला जातो. तिथल्या मोबाइल कंपन्यांचे टॉवरही तोच तंतू वापरतात. लहरी आणि तार यांतले वैर तिथे उरलेच नाही.

महाराष्ट्रातल्या शहरांना ही रचना उचलणे अशक्य नाही, आणि त्यासाठी वेगळा निधी उभारण्याची गरजही फारशी नाही, कारण रस्ते आधीच खणले जात आहेत. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाच्या कडेने तंतूसाठी स्वतंत्र पट्टा राखण्याचे २०२३ मध्ये जाहीर केले; महामार्गाला जे सुचले ते महापालिकेच्या रस्त्याला सुचायला हवे. नियामक प्राधिकरणाकडूनही एक अपेक्षा रास्त आहे: लहरींवरची सेवा विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने रात्री आठ ते अकरा या वेळेतला उतरता व चढता वेग विभागवार प्रसिद्ध केला पाहिजे, म्हणजे दुपारच्या चाचणीवर भुलून कोणाला वर्षाचे पैसे भरावे लागणार नाहीत. इमारतींच्या बाबतीत, एकाच पुरवठादाराला वाट देणारे करार बेकायदा ठरवून जिन्यातली नळी सर्वांना सारख्या अटींवर खुली करणे हे काम राज्य शासन सहकार कायद्याच्या चौकटीत करू शकते.

मुंबईत २०२३ पासून रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचे मोठे काम टप्प्याटप्प्याने चालू आहे. काँक्रीटचा रस्ता एकदा झाला की तो पुन्हा फोडणे कोणत्याही महापालिकेला परवडत नाही आणि त्याचे आयुष्य दशकांत मोजले जाते. म्हणून त्याच्या कडेला रिकाम्या नळ्या आत्ताच टाकून ठेवल्या, त्यांची मालकी महापालिकेकडे ठेवली आणि प्रसिद्ध केलेल्या भाड्याने त्या मोठ्या कंपन्यांइतक्याच गल्लीतल्या पुरवठादारालाही दिल्या, तर नळीचा वाढीव खर्च रस्त्याच्या एकूण खर्चात किरकोळ ठरेल. हे काम ज्या रस्त्यांवर होणार नाही, तिथल्या घरांना पुढची वीस-तीस वर्षे खिडकीबाहेरचा डबा हाच पर्याय राहील, आणि तो डबा कोणाचा हे स्पेक्ट्रमच्या लिलावात आधीच ठरून गेलेले असेल.